रिकाम्या गाड्यांचा प्रवास : कारशेड, मुक्कामी एसटी आणि आपण

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. परंतु बोलीभाषेत अजून वेल्हेच चालते, म्हणून येथेही तेच वापरले आहे. या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा एक रूळही नाही. तरीही उपनगरी रेल्वेच्या रिकाम्या गाड्यांविषयी लिहावयास बसल्यावर प्रथम आठवण झाली ती याच भागाची, आणि तिला कारणही तसेच आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता वेल्ह्याच्या बाजूस एका स्नेह्यांकडे दोन दिवस राहण्याचा योग आला होता. सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास गावात शेवटची एसटी आली. चारसहा माणसे उतरली आणि गाडी देवळासमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. चालक आणि वाहक यांनी पिशव्या उतरवल्या, हातपाय धुतले, कोणी त्यांना भाकरी आणून दिली. ती मुक्कामी गाडी होती. पहाटे अंधारातच तिचे इंजिन सुरू झाले, तेव्हा दुधाच्या किटल्या, महाविद्यालयात जाणारी मुले आणि दवाखान्यात निघालेली एक वृद्ध बाई असे सारे त्या गाडीत बसले होते. यजमान सहज म्हणाले, “गाडी इथं झोपते, म्हणून गाव उठतं.”

या साध्या व्यवस्थेमागे वाहतूकशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. प्रवाशांची गरज पहाटे गावात असते. गाडीचे घर, म्हणजे आगार, मात्र दूर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. भोरला एसटीचे आगार आहे. परंतु तेथून वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेल्या हिर्डोशी खोऱ्यात पहाटे गाडी हवी असेल, तर दोनच मार्ग उरतात. एक तर गाडीने रात्री गावातच मुक्काम करावा. अथवा पहाटे तीनचार वाजता आगारातून निघून ती रिकामी तेथवर जावी. अशा रिकाम्या धावेला एसटीच्या हिशेबात ‘डेड किलोमीटर’ म्हणतात. डिझेल जळते, टायर झिजतात, चालकाचे तास भरतात आणि तिकिटाचा एक पैसाही पेटीत पडत नाही.

मुंबईच्या लोकलपुढचा प्रश्न नेमका हाच आहे. फरक केवळ आकाराचा. एसटीच्या एका गाडीत पन्नासाच्या आसपास माणसे बसतात. बारा डब्यांची लोकल सुमारे पाव किलोमीटर लांब असते आणि गर्दीच्या वेळी तिच्यातून चारपाच हजार माणसे जातात.

आपल्यापैकी वसई-विरार पट्ट्यातील वाचकांना हे दृश्य परिचयाचे आहे. फलाटावर आपण तिष्ठत उभे आहोत; गर्दी वाढत चालली आहे; आणि समोरून दिवे लावलेली, पंखे फिरणारी, पण आत एकही माणूस नसलेली लोकल न थांबता निघून जाते. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून सूचना होते की, ही गाडी कारशेडला जाणार आहे. फलाटावरील प्रत्येकाच्या मनात त्या क्षणी एकच प्रश्न उमटतो: एवढी मोठी गाडी रिकामी नेण्यास यांच्याजवळ आहे, मग आम्हांस नेण्यास का नाही?

हा संताप समजण्यासारखा आहे. परंतु त्यापूर्वी गाडी रिकामी का धावते, हे समजून घेतले पाहिजे.

मुंबईची उपनगरी रेल्वे दररोज सुमारे ३,२०० फेऱ्या चालवते आणि सत्तर लाखांच्या घरात प्रवासी वाहून नेते. या गाड्यांची देखभाल पश्चिम रेल्वेवर मुंबई सेंट्रल, कांदिवली आणि विरार येथील कारशेडमध्ये, तर मध्य रेल्वेवर कुर्ला, कळवा आणि सानपाडा येथील कारशेडमध्ये होते. ठरावीक मुदतीनंतर प्रत्येक गाडी संपूर्ण खोलून दुरुस्त करावी लागते. ते काम महालक्ष्मी आणि माटुंगा येथील कारखान्यांत चालते. ब्रेकची तपासणी, चाकांची झीज, छपरावरील पँटोग्राफ, डब्यांची धुलाई ही कामे फलाटावर उभ्या असलेल्या गाडीत होऊ शकत नाहीत. त्यासाठी खाली खड्डा असलेली मार्गिका लागते, यंत्रे लागतात, माणसे लागतात. म्हणजे गाडीला कारशेडमध्ये जावेच लागते आणि तेथून परत यावेच लागते. कारशेडच्या दारातून निघून पहिल्या फलाटास लागेपर्यंतचे अंतर हे अपरिहार्यपणे रिकामे अंतर आहे. त्याबद्दल कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही.

तक्रारीस जागा आहे ती पुढच्या भागात. मुंबईची वस्ती उत्तरेस व पूर्वेस पसरत गेली, पण कचेऱ्या बराच काळ दक्षिणेकडेच राहिल्या. सकाळी सारा लोंढा एका दिशेने आणि संध्याकाळी विरुद्ध दिशेने. अशा शहरात रात्री गाड्या कोठे झोपाव्यात, याचे उत्तर उघड आहे: त्या विरारला, कल्याणच्या पलीकडे, पनवेलच्या बाजूस झोपल्या पाहिजेत, म्हणजे पहाटे तेथूनच भरून निघतील. प्रत्यक्षात रेल्वेची जुनी घरे दक्षिणेस वसली, कारण ती वसली तेव्हा शहरच तेवढे होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली. पश्चिमेकडे १९२८ साली कुलाबा ते बोरिवली असे विद्युतीकरण झाले. त्या काळी बोरिवली म्हणजे शहराबाहेरचे गाव.

कुलाब्याचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. पश्चिमेकडील गाड्यांचे टोकाचे स्थानक पूर्वी कुलाबा होते. १९३० साली मुंबई सेंट्रल स्थानक उभे राहिले, लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे गेल्या, त्याच वर्षाअखेर कुलाबा बंद झाले आणि चर्चगेट हे लोकलचे शेवटचे स्थानक ठरले. आज चर्चगेटला चारच फलाट आहेत. गाडी येते, दुसऱ्या टोकास दुसरा मोटरमन आधीच उभा असतो, आणि काही मिनिटांत ती उलट दिशेने निघते. तेथे गाडीला घटकाभर विसावण्यासही जागा नाही. एक गाडी जरी जागेवर अडली, तरी मागे रांग लागते. ज्या गाडीची फेरी संपली, तिला लगोलग मुंबई सेंट्रलच्या कारशेडकडे काढून घ्यावे लागते. चर्चगेटहून निघणाऱ्या एखाद्या गाडीत आपल्याला बसू दिले जात नाही, याचे मूळ अशा रीतीने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका निर्णयापर्यंत जाऊन पोहोचते.

दुसरे कारण वेळेचे. सकाळच्या गर्दीत दक्षिणेस पोहोचलेली गाडी पुन्हा उत्तरेस न्यावयाची असते, कारण तेथे पुढची गर्दी वाट पाहत असते. ती प्रत्येक स्थानकावर थांबत गेली तर उलट दिशेच्या प्रवाशांची सोय होते, परंतु परतीस उशीर होतो. ती न थांबता रिकामी नेली तर वेळ वाचतो, आणि गर्दीच्या काळात तीच गाडी आणखी एक फेरी करू शकते. म्हणजे रिकामी धावणारी गाडी नेहमीच उधळपट्टी नसते. पुष्कळदा ती पुढच्या फेरीची तयारी असते. आपल्या मावळातून मुंबईस गेलेल्या डबेवाल्यांचे उदाहरण घ्या. दुपारी ते रिकामे डबे घेऊन त्याच लोकलने परततात. त्या रिकाम्या डब्यांच्या प्रवासाला कोणी वायफळ म्हणत नाही, कारण डबा परत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी जेवण येणार नाही.

येथवर रेल्वेची बाजू झाली. आता प्रवाशांची.

ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा येथे जे घडले, ते या विषयावरील सर्वांत बोलके प्रकरण होय. कळवा कारशेडमधून सकाळी निघणारी गाडी रिकामी ठाण्यास जाते आणि तेथून प्रवासी घेते. कळवा आणि परिसरातील कित्येक नोकरदार वर्षानुवर्षे कारशेडपर्यंत पायी जाऊन, रुळांवरून त्या गाडीत चढत असत. कारण कळवा स्थानकावर भरून येणाऱ्या गाडीत पाय ठेवण्यासही जागा मिळत नाही. हे नियमबाह्य होते, धोक्याचेही होते. परंतु चालत होते. मग एका साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल आली. तिचे दरवाजे बंद. फलाटावर उभी राहिल्याशिवाय ते उघडत नाहीत. ज्या वाटेने शेकडो माणसे रोज कामावर जात होती, ती एका दिवसात मिटली. संतप्त प्रवाशांनी कारशेडमध्येच गाडी अडवली. पोलीस आले, काहींना ताब्यात घेण्यात आले. त्याच महिन्यात बदलापुरातही आंदोलन झाले आणि मध्य रेल्वेने नव्याने वाढवलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या.

रेल्वेचे म्हणणे कायद्याने बिनतोड आहे. कारशेड म्हणजे स्थानक नव्हे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय रुळांवरून चालणे म्हणजे मृत्यूशी गाठ. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ साली आलेल्या आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात उपनगरी रेल्वेवर २,५९० जणांचा मृत्यू झाला. म्हणजे दररोज सरासरी सात. पालघर जिल्ह्यातील एका नित्याच्या प्रवाशाने केलेल्या जनहित याचिकेच्या सुनावणीत न्यायालयाने या स्थितीबद्दल रेल्वेला कठोर शब्दांत सुनावले होते. या सात जणांपैकी पुष्कळसे रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून जातात. असे असता रुळांवरून चालत जाऊन गाडी पकडण्याच्या रिवाजाचे समर्थन कोणीही करू नये, आणि प्रस्तुत लेखकही करीत नाही.

परंतु प्रश्न तेथे संपत नाही. जर रोज शेकडो माणसे जिवावर उदार होऊन रिकाम्या गाडीकडे धावतात, तर ती गाडी त्यांच्या दारावरून रिकामी जाते हेच त्यांच्या धोक्याचे एक कारण आहे. ती गाडी कळव्याच्या फलाटावरून सुरू करता येईल काय, याचे उत्तर ‘कारशेडमध्ये शिरणे गुन्हा आहे’ हे असू शकत नाही. कदाचित मार्गिकांची रचना अशी असेल की कारशेडमधून निघणारी गाडी कळव्याच्या फलाटास लावल्यास मागच्या गाड्या खोळंबतील. तसे असेल तर ते लोकांसमोर नकाशासह मांडावे. मांडले तर लोक समजून घेतात, असा अनुभव आहे. आपल्या हाती जे वेळापत्रक येते त्यात रिकाम्या गाड्यांचा उल्लेखच नसतो. त्या केवळ रेल्वेच्या अंतर्गत वेळापत्रकात असतात. जी गोष्ट दिसते पण छापलेली नाही, तिच्याविषयी संशय वाढणारच.

विरारची कथा याच जातीची, पण थोडी निराळी. विरारहून सुटणाऱ्या गाडीत बसण्यास जागा मिळावी म्हणून नालासोपारा व वसईचे प्रवासी उलट दिशेने विरारला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. मग मूळ विरारकरांस जागा उरत नाही. भांडणे होतात, गट पडतात, दारात अडवणूक होते. बोरिवलीस उतरणारा प्रवासी विरार गाडीत चढला म्हणजे त्याला शत्रूसारखी वागणूक मिळते. रविवारी एकाच मंदिरात शेजारी शेजारी मिस्सा ऐकणारी माणसे सोमवारी सकाळी एकमेकांना कोपर मारताना आढळतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. किंबहुना आपल्यातील काहींनी केलेही आहे. रिकामी गाडी फलाटात शिरताना ती थांबण्यापूर्वीच उड्या मारून जागा धरणे हा तर नित्याचा प्रकार. तरुणांना तो पराक्रम वाटतो. पाय घसरलेल्यांच्या घरी तो शब्द कोणी उच्चारीत नाही.

बंद दरवाजांमुळे हा एक धोका टळतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. २५ डिसेंबर २०१७ रोजी, नाताळच्या दिवशीच, पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिच्यात धावत्या गाडीतून शिरता येत नाही आणि पडताही येत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि चौघांनी त्याच दिवशी प्राण गमावले, तेव्हा रेल्वेने यापुढील साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचे जाहीर केले. निर्णय योग्य आहे. तथापि दरवाजे बंद झाल्यावर बाहेर उरलेल्या माणसांचे काय, हा कळव्याचा प्रश्न तसाच राहतो. तो गाड्यांची संख्या आणि त्या कोठून सुटतात यांच्याशीच निगडित आहे.

रिकाम्या गाडीत प्रवासी नसले तरी माणसे असतातच. मोटरमन असतो, गार्ड असतो. २०२२ पासून रेल्वेने गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ असे नाव दिले आहे. रात्री डबे झाडणारे, धुणारे कामगार असतात. डौंड, इगतपुरी, मनमाड, कल्याण येथील आपली धर्मग्रामे वाढण्यात रेल्वेच्या कुटुंबांचा मोठा वाटा आहे. रात्रपाळी करून आलेला बाप आणि सकाळच्या शाळेची घाई ही त्या घरांची रीत. रिकामी गाडी चालवणे हे हलके काम मानले जाते, आणि चूक तेथेच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये मथुरा स्थानकावर सर्व प्रवासी उतरून गेल्यानंतर लोकल अचानक पुढे सरकली आणि अडथळा तोडून फलाटावर चढली. कर्मचाऱ्याचे लक्ष मोबाइलमध्ये होते व चालककक्षातील नियंत्रकावर पिशवी ठेवली गेली, असे त्यावेळी समोर आले. काही कर्मचारी निलंबितही झाले. गाडी रिकामी होती म्हणून मोठा अनर्थ टळला. १ मे २०२४ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, जेथे दोनच दिवसांपूर्वी पनवेल मार्गावरील लोकल घसरली होती, तेथेच चाचणीसाठी आणलेली रिकामी गाडीही घसरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई सेंट्रल येथे कारशेडकडे निघालेल्या रिकाम्या लोकलचे डबे रुळांवरून उतरले. या घटनांत कोणी दगावले नाही, म्हणून त्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर गेल्या. पण सांधे तेच, रूळ तेच आणि पुढची गाडी भरलेली असते.

रिकामेपणाचा आणखी एक धोका स्त्रियांना ठाऊक आहे. जून २०२३ मध्ये सकाळी परीक्षेस निघालेल्या एका विद्यार्थिनीवर हार्बर मार्गावरील महिलांच्या जवळजवळ मोकळ्या डब्यात हल्ला झाला. टोकाच्या स्थानकाहून निघणारी पहिली गाडी, शेवटची गाडी, यार्डाकडे जाण्यापूर्वीचे ते दोन थांबे, या वेळी डब्यात एकटी स्त्री असेल तर तिला गर्दीपेक्षा शांततेचे भय वाटते. कारशेडला जाणारी गाडी रिकामी झाली आहे की नाही, हे पाहण्याचे काम कोणाचे, हे प्रत्येक टोकाच्या स्थानकावर नेमून दिलेले असावे. झोप लागलेला प्रवासी यार्डात पोहोचतो आणि मित्रमंडळी त्यावर हसतात. तीच गोष्ट एखाद्या परिचारिकेच्या बाबतीत रात्री साडेबारास घडली तर ती हसण्याची राहत नाही.

गाड्या कोठे झोपाव्यात, हा प्रश्न शेवटी जमिनीचा होतो. आणि जमीन कोणाची, हे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर पुरे होत नाही.

मुंबई मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. त्यानंतर कारशेड कांजूरमार्गला न्यावी की आरेतच ठेवावी, यावर सरकारे बदलली तसे निर्णय बदलत राहिले. त्या वादात झाडांविषयी पुष्कळ बोलले गेले. परंतु मार्गिकेपासून कारशेड जितकी दूर तितकी रिकामी धाव अधिक, हा मुद्दाही दोन्ही बाजूंनी वापरला होता. आपल्या अधिक जवळचे उदाहरण भाईंदर पश्चिमेचे आहे. मेट्रोच्या नवव्या मार्गिकेची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा या गावांत व्हावयाची होती. ग्रामस्थांनी विरोध केला. मग ती डोंगरी येथे नेण्याचे ठरले. उत्तन-डोंगरीचा हा पट्टा आपल्या ईस्ट इंडियन व कोळी ख्रिस्ती बांधवांचा. २०२५ साली तेथील सुमारे बारा हजार झाडे काढण्याची नोटीस निघाली आणि ग्रामस्थ पुन्हा रस्त्यावर आले. डोंगरीच्या माणसाने काय म्हणावे? मेट्रो नको, असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, शहराच्या गाड्यांचे अंथरूण प्रत्येक वेळी आमच्याच अंगणात का?

याच्या तुलनेत पुण्याचे उदाहरण दिलासा देणारे आहे. तेथील मेट्रोची एक कारशेड कोथरूडला वनाजजवळ, जेथे पूर्वी शहराचा कचरा डेपो होता, त्या जागेवर उभी राहिली. कचऱ्याची जागा गाड्यांस मिळाली आणि मार्गिकेचे टोकही तेथेच असल्याने रिकामी धाव जवळपास उरली नाही. अशी जागा प्रत्येक शहरास मिळेल असे नाही. पण शोधली तर सापडू शकते, एवढे त्यावरून दिसते.

पुढील काही वर्षांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी वातानुकूलित गाड्या मोठ्या संख्येने येणार असून त्यांच्यासाठी पश्चिम मार्गावर वाणगाव आणि मध्य मार्गावर भिवपुरी येथे नव्या कारशेड नियोजित आहेत. वाणगाव पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात आहे. भिवपुरी कर्जतच्या अलीकडे. रिकाम्या धावेच्या दृष्टीने ही दिशा बरोबर आहे, कारण गाड्या आता शहराच्या बाहेरच्या टोकांस झोपतील. परंतु एक प्रश्न आताच विचारून ठेवला पाहिजे. पहाटे वाणगावच्या कारशेडमधून निघालेली गाडी पालघर, सफाळे, वैतरणा ओलांडून विरारपर्यंत रिकामीच जाणार काय? २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली, पण विरारच्या पुढे फेऱ्या आजही थोड्या आहेत आणि मधला एक तासही मोठा वाटतो. विरार ते डहाणू मार्गाच्या चौपदरीकरणाचे काम मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात चालू आहे. ते पूर्ण झाल्यावर रिकामी गाडी पालघरला दोन मिनिटे थांबवण्यास मार्गिकेची सबब उरणार नाही. ज्या गावांची जमीन गाड्यांच्या मुक्कामासाठी जाईल, त्या गावांतील माणसांना त्याच गाड्यांत बसता यावे, ही मागणी अवाजवी नाही. स्थानिक प्रवासी संघटनांनी, आणि आपल्या धर्मग्रामांतील सामाजिक कार्य समित्यांनीही, नकाशे अंतिम होण्यापूर्वी ती लेखी स्वरूपात मांडावी. नंतर मांडलेल्या मागणीस ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ हे तीनचार ओळींचे उत्तर येते, असा आजवरचा अनुभव आहे.

पुणे-लोणावळा मार्गाचा उल्लेख न केल्यास दापोडी, पिंपरी, देहूरोडचे वाचक नाराज होतील. तेथे १९७८ पासून लोकल धावते. सकाळची गर्दी ओसरल्यावर दुपारी मात्र गाड्यांत मोठा खंड पडतो. देखभालीसाठी मार्ग राखून ठेवावा लागतो आणि दोनच मार्गिकांवर लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्याही चालतात. तिसरी व चौथी मार्गिका टाकण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मान्यता दिली आहे. ती होईपर्यंत दुपारी सुटणाऱ्या महाविद्यालयांतील मुलांनी ताटकळत राहणे चालूच राहील.

आता पुन्हा भोर-वेल्ह्याकडे. २०२४ च्या सप्टेंबरात पुण्याची मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचली. स्वारगेट ते कात्रज या पुढच्या टप्प्यासही केंद्र सरकारची मान्यता मिळाली आहे. कात्रजचा घाट ओलांडला की नसरापूर, कापूरहोळ आणि मग दोन्ही तालुक्यांचे फाटे. म्हणजे विजेची गाडी या डोंगरांच्या तोंडाशी येऊन थांबणार. तेथून पुढे एसटीच. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत निम्मे तिकीट आहे, पंच्याहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत आहे. सवलत उत्तम, पण ती गाडीत बसल्यावर मिळते. आणि गाडी गावात रात्री मुक्कामास आली नाही, तर पहाटे बसावयाचे कशात?

कोरोनाच्या टाळेबंदीत २०२० साली एसटी थांबली. नंतर २०२१-२२ चा दीर्घ संप झाला. त्यानंतर ग्रामीण महाराष्ट्रात मुक्कामी गाड्या कमी झाल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. महामंडळाच्या अडचणी खऱ्या आहेत: गाड्या जुन्या, चालक अपुरे. कर्मचाऱ्यांची अडचण तर त्याहून खरी आहे. दिवसभर घाटरस्त्यावर गाडी हाकून आलेल्या माणसास रात्री पाठ टेकण्यास कोरडी जागा नाही, शौचालय नाही, पावसाळ्यात गाडीतच डासांच्या संगतीत झोपावयाचे. मग मुक्कामाची पाळी कोणास हवी? आमच्या यजमानांच्या गावात त्या रात्री चालक-वाहकांना भाकरी मिळाली ती कोणा एकाच्या सौजन्याने, व्यवस्थेने नव्हे.

त्यामुळे येथे खर्चाचा हिशेब करावयाचा तर तो असा करता येईल. पहाटेची गाडी आगारातून रिकामी पाठवली तर रोज चाळीसपन्नास किलोमीटरचे डिझेल वाया जाते. त्याऐवजी ग्रामपंचायतीने एक खोली, एक दिवा, एक शौचालय आणि पाण्याची सोय करून दिली, तर तो खर्च एकदाच होतो आणि गाडी गावात राहते. शाळेची वापरात नसलेली खोलीही चालेल. जेथे आपल्या धर्मभगिनींचे दवाखाने वा वसतिगृहे अशा दूरच्या खेड्यांत आहेत, तेथे हा विषय ग्रामसभेत मांडण्यास त्यांच्याइतके जाणकार कोणी नाही; पहाटेची गाडी चुकली म्हणून दवाखान्यात न पोहोचलेले रुग्ण त्यांनीच पाहिलेले असतात.

आमच्या त्या स्नेह्यांशी हल्लीच दूरध्वनीवर बोलणे झाले. देवळासमोरची जागा अजून मोकळी आहे, असे ते म्हणाले. गाडी आता रात्री येते, माणसे उतरवते आणि लगेच रिकामी परत जाते. सकाळची पहिली गाडी साडेआठला. महाविद्यालयाचा पहिला तास त्याआधीच सुरू झालेला असतो. त्यांच्या धाकट्या मुलीने वसतिगृहात नाव घातले आहे.